दारावरची बिलांची पिशवी

बाबा, पिशवीत परत बिलं आली आहेत.

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. बारावा झाला, पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी आईने गिरणीचं दार उघडलं, मोटरवरची धूळ झाडली, पट्ट्याला हात लावून बघितला आणि पहिलं दळण घातलं. मला वाटलं होतं, दाराच्या डाव्या अंगाची ती हिरवी पिशवी आता रिकामीच राहणार. कोण कशाला तिच्यात बिल टाकेल? बिलं पेडण्याला नेऊन भरणारा माणूसच राहिला नाही. पण परवा वाड्यातल्या घराघरांत विजेची बिलं वाटली गेली आणि काल सकाळी बघते तर पिशवी फुगलेली. सात बिलं, आणि आठवं आपल्या गिरणीचं. सातही बिलांच्या घडीत नोटा. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. टाकली आणि गेली, तू असताना टाकायची तशीच.

मी ती पिशवी घरात आणून मेजावर ठेवली, आणि काल सकाळपासून त्या मेजाभोवती फिरते आहे. बसले की उठते. गिरणीत जाते, परत येते. जनेल उघडते, परत लावते. आई म्हणाली, "पायाक भोवरो लागलो काय गो तुझ्या?" डिचोलीच्या ऑफिसात मी दिवसभर दुसरं काय करते? मालकाच्या धंद्याची वीज, पाणी, फोन, टायरवाला, सगळ्यांची बिलं एका जागी बसून भरते, चहा निवायच्या आत. आणि वाड्यातली ही आठ बिलं उघडायला माझा हात होत नाही.

कारण तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला ठाऊक नाही. आता कळलंय की तुला सगळं माहीत होतं. तेव्हापासून मला बसवत नाही.

आपण असं पुस्तकी मराठीत कधी बोललो नाही. घरात आपलं पेडण्याचं बोलणं. पण हातात पेन आलं की मला शाळेतलीच भाषा सुचते, आणि ती शाळा मला तू दाखवलीस, म्हणून हिच्यातच लिहिते. गोवा राज्य झालं त्या वर्षी तू गिरण घातलीस. मराठी की कोकणी, ह्या भाषेच्या वादावरून तेव्हा पार्से गावात दोन घरांचं येणंजाणं तुटलं होतं असं सांगायचास. आणि गिरणीचं पहिलं बिल आलं ते इंग्रजीत. "भांडून काय मेळला?" तू हसायचास. "वाचूक दोघांकय येणा नाय."

महिन्यातला दुसरा मंगळवार हा तुझा सण असायचा. एरवी तू डोक्यापासून पायापर्यंत पिठाचा. भुवयासुद्धा पांढऱ्या. त्या दिवशी मात्र सकाळीच आंघोळ, डोक्याला तेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आई दारात उभी राहून म्हणायची, "बाशिंग तेवढा बांधूचा रवला!" तू ऐकून न ऐकल्यासारखं करून पिशवी स्कूटरच्या पुढच्या हुकाला अडकवायचास. अर्ध्या वाड्याची बिलं तिच्यात. पेडण्याच्या विजेच्या ऑफिसात रांगेत उभं राहायचं, एकेक बिल काऊंटरवर सरकवायचं, शिक्का नीट उठला की नाही ते उजेडाला धरून बघायचं, मग समोरच्या हॉटेलात भाजी-पाव. दुपारी परत. पावती कुणाच्या हातात द्यायची नाही, ही तुझी पद्धत. ज्या घरची पावती, त्या घरच्या पिठाच्या डब्यात झाकणाखाली ठेवायची. घरी जाऊन झाकण काढलं की पिठावर पावती. लहान असताना मला वाटायचं, वीज आणि पीठ एकाच ठिकाणाहून येतं.

माझ्या कॉलेजची फीसुद्धा तू अशीच भरलीस. म्हापशाला रांगेत सगळी मुलं, आणि मध्येच तू, पांढऱ्या शर्टात. मी लाजून झाडामागे उभी होते. कारकून म्हणाला, "मुलीला उभी करा, तुम्ही कशाला?" तू म्हणालास, "तिका पुढे चार वर्सां उभ्या रवाचाच आसा. आयज माका रवांदे." कोर्स तीनच वर्षांचा होता. मी नंतर तुला चिडून सांगितलं, तर म्हणालास, "एक वर्स जास्त धरलेला बरा."

पास झाले तेव्हा सर्टिफिकेटला तू फ्रेम केलीस, आणि ती घरात नाही, गिरणीत लावलीस. तासाभरात तिच्यावर पिठाचा थर. तू रोज सकाळी ती फडक्याने पुसायचास, आणि दळण घेऊन येणाऱ्या बाया तुझी मस्करी करायच्या. शेवंतीमावशी, आपल्या शेजारची, तुझ्याहून वयाने मोठी म्हणून कुणाच्या बापाला न भिणारी, विचारायची, "विश्रामा, ह्या बीकॉम म्हणजे नेमका काय रे?" तू मोटर बंद करायचास. मोटर बंद करून सांगायचास, आवाजात शब्द हरवू नये म्हणून. "हिशोबातली डाक्टर."

आपल्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मला गर्व होता, बाबा. अजून आहे. तो लपवायला मला जमत नाही आणि लपवावा असं वाटतही नाही. पण त्या गर्वातून मी तुला एकदा जे बोलले, ते मला आता रोज ऐकू येतं.

सहा वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले होते आणि ऑफिसात ऑनलाईन बिलं भरायला शिकले होते. घरी येऊन तुझ्या मागे लागले. गिरणीचं बिल मी मोबाईलवरून भरते, तू रांगेत कशाला उभा राहतोस? तू दळता दळता विचारलंस, "शिक्को खय आसा?"

"आता शिक्को नसता, बाबा. मेसेज येता."

"मेसेज मोबाईलार. मोबाईल पडलो बावडेत, मगे?"

"तरी पैसे पोचतत."

"कोणाक?"

"सरकाराक!"

"सरकाराक तू वळखतंस? मी त्या काऊंटरावरच्या बायक वळखतंय. तिच्या आवशीक गुडघ्याचा दुखणा आसा."

असं आपलं दोन महिने चाललं. मग मिरगाच्या पावसात स्कूटर घसरली, तुझाच गुडघा सुजला आणि डॉक्टरने तुला घरी बसवलं. मी जिंकले. गुडघ्यावर जिंकले, पण तेव्हा मला तेवढंही पुरलं. वाड्यातल्या लोकांची बिलं त्या पावसाळ्यापुरती शेवंतीमावशी बसने पेडण्याला नेऊ लागली, आणि गिरणीचं बिल माझ्याकडे आलं.

पिशवीत हात घातला आणि तुझ्या नावाचं बिल काढलं. नाव विश्राम. आडनाव आपलं. मधलं, तुझ्या बापाच्या नावाचं पहिलं अक्षरही जुळत होतं. मी मोबाईलमध्ये ग्राहक क्रमांक घातला, पडद्यावर तुझं नाव उमटलं, मी पैसे भरले, क्रमांक कायमचा साठवून ठेवला आणि बिल पिशवीत परत टाकलं. वरच्या वाड्यात आणखी एक विश्राम राहतो, त्याचंही आडनाव तेच, त्याला लोक 'वयलो विश्राम', म्हणजे वरचा, म्हणून ओळखतात आणि तोही आपलं बिल ह्याच पिशवीत टाकतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. बिल हातात असताना मात्र आठवलं नाही. मोबाईलने तुझं नाव दाखवलं आणि मी खूश झाले.

तू विचारलंस, "कितक्या झाला?"

मी आकडा सांगितला. तू पाय खाली सोडून बसलास.

"इतक्या कमी?"

"पावसाचा दळण कमी, बाबा. आणि ऑनलाईन असाच येता."

ऑनलाईन असंच येतं! बी.कॉम. झालेली मुलगी हे बोलली. दुसऱ्या महिन्यात तू गिरणीचं खरं कागदी बिल माझ्यापुढे धरलंस. इंग्रजी तुला येत नव्हतं, पण आकडे येत होते. तू बोट ठेवलंस. "ह्या बघ. मागचा धरून लावल्यानी हा." मी कागदाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मोबाईल वर करून म्हणाले, "ता जुन्या आसता. छापूक उशीर लागता. तुका काय कळता त्यातला?"

तू बोट काढून घेतलंस. कागदाची घडी केलीस आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलीस, जिथे तुझ्या सगळ्या पावत्या असत. तुझ्या डोळ्यांना समोर दिसत होतं, आणि तू ते सोडून माझ्यावर विश्वास ठेवलास.

चवथीला तीन दिवस होते. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोदकांचे तांदूळ, नेवऱ्यांचे गहू, डब्यामागे डबा, आणि प्रत्येक बाईला घाई, कारण गणपतीच्या वरची माटोळी बांधायची, घर सारवायचं, माहेरवाशिणी यायच्या. मी रजा घेऊन मदतीला उभी होते. लाईनमन आला. ओळखीचाच, त्याच्या घरचं दळणही आपल्याकडेच. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "विश्रामभाऊ, माका शिव्या घाल. पण वरसून यादी इलीहा. तीन म्हयन्यांचा रवला."

तू माझ्याकडे बघितलंस. मी मोबाईल काढला. तीन महिने मी काय भरलं ते उघडून बघितलं, बिस्किटांच्या डब्यातला कागद त्याच्याशेजारी धरला आणि एका क्षणात मला कळलं. क्रमांक आपला नव्हता. तीन महिने मी वयल्या विश्रामाचं बिल भरत होते.

सांगायला किती वेळ लागला असता? चार शब्द. "बाबा, माझी चूक झाली." लाईनमनने लाईट कापली होती, गिरण हळूहळू थांबत होती, पट्टा शेवटचे दोन वेढे घेत होता. आणि भिंतीवर माझी फ्रेम होती, त्या सकाळी तू पुसलेली.

मी म्हणाले, "सर्व्हर डाऊन होता."

तुला सर्व्हर काय ते माहीत नव्हतं. तू मान हलवलीस. मी फोन कानाला लावून घरात पळाले, कुणाशी तरी बोलत असल्याचं नाटक करत. तू बाहेर बायांशी काय बोललास ते मी ऐकलं नाही. जनेलातून एवढंच दिसलं की दुखरा पाय ओढत तू स्कूटरवर बसलास आणि गेलास. शर्टही बदलला नाहीस. पिठाच्याच कपड्यांनी पेडण्याला गेलास, पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली. तू आणि आई जेवायला न बसता दळत राहिलात. चवथ झाली. आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी बघते तर तू पांढरा शर्ट घालून स्कूटर पुसत होतास. हुकाला पिशवी. मी काही बोलले नाही. तूही नाही. सहा वर्षं आपण सगळ्यावर भांडलो. माझ्या लग्नावर, आईच्या औषधांवर, नवीन मोटर घेण्यावर. बिलावर मात्र एकदाही नाही. माझी समजूत अशी की तू सर्व्हरवर विश्वास ठेवलास, मोबाईलवरचा तुझा विश्वास उडाला, आणि विषय संपला. मला ते सोयीचं होतं.

म्हापशाच्या हॉस्पिटलात शेवटच्या दोन दिवसांत एकदा मी खाली जाऊन हॉस्पिटलचं बिल मोबाईलवरून भरून वर आले. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. डोळे न उघडताच म्हणालास, "शिक्को मारून घेतलंस मां?"

मी म्हटलं, "होय."

घेतला नव्हता. एवढ्याशा गोष्टीतही मी तुला खोटंच सांगितलं, असं मनात आलं आणि मला उभं राहवेना. जिने उतरून परत गेले, काऊंटरवरच्या माणसाला म्हटलं, पावती छापून द्या आणि शिक्का मारून द्या. तो म्हणाला, "मॅडम, ऑनलाईनला शिक्का लागत नाही." मी म्हटलं, "माझ्या वडिलांना लागतो." त्याने मारला. वर येऊन ती पावती तुझ्या उशाखाली सरकवली. तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आपण दोघंच होतो. मी तुझ्या पायावरची चादर दोन वेळा नीट केली आणि गप्प बसले. तू ती पावती बघितलीस की नाही, मला माहीत नाही.

आता ऐक, तुझ्या बाराव्याच्या दिवशी काय झालं. शेवंतीमावशी जेवून उठली, माझ्याजवळ येऊन बसली, पदराला हात पुसत म्हणाली, "तुझो बापूस माणूस हुतो गो. त्या चवथीक लायट कापल्यानी, तेव्हा आमच्यासमोर हात जोडून उभो रवलो. म्हणालो, 'चुकी माझी. चेडवान धा वेळा सांगल्यान, पैसे पण हातात दिल्यान. मीच भरूक इसारलंय. म्हाताऱ्याक संभाळून घेया. फाल्या सगळ्यांचा दळून देतलंय.'"

माझ्या हातात पानांचं तबक होतं. ते मी कुठे ठेवलं ते आठवत नाही. मावशी पुढेही बोलत होती आणि बोलताना माझ्याकडे लागतं त्याहून जरा जास्त वेळ बघत होती.

तेव्हा मला सगळ्या चवथी आठवल्या. दर वर्षी तांदळाचे डबे घेऊन बाया आल्या की पहिली हाक तीच: "विश्रामा, औंदा तरी बिल भरलंस मां रे?" आणि सगळ्यांचं खिदळणं. तू कानावर हात ठेवून म्हणायचास, "भरलंय गे बायांनो, शिक्को दाखवू?" सहा वर्षं. मीही हसायचे त्यांच्याबरोबर! मला वाटायचं, गिरणवाल्याची नेहमीची मस्करी आहे. ज्या माणसाने आयुष्यात एक बिल एक दिवस उशिरा भरलं नाही, त्याला वाड्याने बिल विसरणारा म्हणून चिडवलं, आणि तो मोटर चालू करून हसत राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं की तू सर्व्हरवर पांघरूण घातलंस, माझ्यावर नाही. पण काल दुपारी वयलो विश्राम आला. आपलं बिल पिशवीत टाकून झालं होतं, तरी घुटमळत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, तू शिकलेली. तुका म्हायत असतला. ती योजना परत कधी येतली?"

"खयची योजना, काका?"

"ती गो, सहा वर्सांआदी इल्ली. तीन म्हयने माझा बिल शून्य. मी म्हटलंय, सरकाराक माझी दया इली. पण भ्या पण वाटला. म्हणून चवथ झाल्यार तुझ्या बापाशीक गुपचूप विचारलंय. तो म्हणता कसो, 'योजना आसा. गप रव. बोललंस तर बंद करतीत.' मी विचारलंय, नाव काय योजनेचा? तर म्हणालो, 'नाव इंग्रजी आसा. माझ्या जिभेर येणा नाय.'"

बाबा, मी हसले. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता गिरणीच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हणजे त्या दिवशीच पेडण्याच्या काऊंटरवर तुला कळलं होतं. पैसे कुणाच्या नावावर गेले, कुणी भरले, सगळं. घरी येऊन मला एक शब्द विचारला नाहीस. वयल्या विश्रामाकडून एक पैसा मागितला नाहीस, कारण मागितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. वर एक सरकारी योजना काढलीस!

तू मला वाचवलंस, त्याबद्दल तुझे उपकार मानू की तुझ्याशी भांडू, मला ठरवता येत नाही. भांडायचंच असेल तर हे ऐक. तू मला विचारायला हवं होतंस. एकदा ओरडायला हवं होतंस. "हिशोबातली डाक्टर, हाच काय तुझो हिशोब?" एवढं जरी म्हणाला असतास, तरी मी रडले असते, चिडले असते, आणि मोकळी झाले असते. तू मला मोकळं केलं नाहीस. ती फ्रेम मात्र रोज पुसत राहिलास. तू सर्टिफिकेट पुसत होतास की मला आठवण देत होतास? आणि मी तरी कुठे मोकळी झाले? सहा वर्षं मला तोंड होतं.

आता ही पिशवी माझ्यासमोर आहे. लोकांनी ती माझ्या भरवशावर भरली आहे, आणि तो भरवसा तुझ्या खोट्यावर उभा आहे. सांगितलं तर तू सहा वर्षं जपलेलं मोडतं. न सांगता त्यांची बिलं भरली तर मी पुन्हा फोन कानाला लावून घरात पळाल्यासारखं होईल. आईला विचारलं. ती चुलीपुढून म्हणाली, "त्यान माका सांगूक नको म्हटल्यान. तुका सांगूक नको असा खय म्हटल्यान?" आणि भाजी ढवळायला लागली. म्हणजे हिलाही माहीत होतं.

रविवारी इथवर लिहून थांबले होते. आज मंगळवार. दुसरा मंगळवार. मी रजा घेतली.

सकाळी पिशवी घेऊन गिरणीत गेले. पाच-सहा बाया होत्या, शेवंतीमावशी डब्यावर बसलेली, वयलो विश्रामही पाव शेर नाचणी घेऊन आलेला. मी आईला म्हटलं, मोटर बंद कर. तिने केली. अचानक सगळं शांत झालं. तू मोटर बंद करून बी.कॉम.चा अर्थ सांगायचास ते आठवलं.

मी म्हणाले, "त्या चवथीक लायट माझ्यामुळे कापली. बाबा इसारलो नव्हतो. मी मोबाईलार चुकीचो नंबर घातलंय. तीन म्हयने पैसे वयल्या काकाच्या बिलार गेले. बाबान तुमका खोट्या सांगल्यान, आणि मी बाबाक."

वयल्या विश्रामाने नाचणीची पिशवी खाली ठेवली. "म्हणजे योजना नव्हती?" त्याचा चेहरा असा पडला की मला परत त्याचीच माफी मागावीशी वाटली.

शेवंतीमावशीने कपाळावरचं पीठ पुसलं. "माका म्हायत हुता."

"तुका? कसा?"

"त्या पावसाक बिलां घेऊन काऊंटरार मीच जायत हुतंय मां? वयल्या विश्रामाचा पुढे केला की ती बाय म्हणा, भरलेला आसा. तीन म्हयने. आणि चवथीक गिरणीचा कापला. माका हिशोब येणा नाय गो, पण इतको येता." ती बाकीच्या बायांकडे वळली. "ह्यांकाय म्हायत हुता. विश्राम आणि बिल भरूक इसारतलो? तो जेवूक इसारात."

"मगे दर चवथीक त्याका चिडवत कशाक रवलास?"

"त्याका बरा वाटूचा," मावशी म्हणाली. "त्याका वाटूचा, आमका खरा वाटला."

मी डब्यांच्या मधे खाली बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसले आणि उठले नाही. कुणीतरी पाणी आणून दिलं. वयलो विश्राम माझ्यासमोर उकिडवा बसला आणि कमरेचे पैसे चाचपत म्हणाला, "मगे तीन म्हयन्यांचे माझ्याकडसून येणे..." मावशीने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "गप रव. विश्रामान योजना म्हटल्यान ना? मगे योजनाच ती."

मग ती माझ्याकडे वळली. "आता भर बिलां. पण मनात नको. मोठ्यान वाच. ज्याचा बिल, तो आयकतलो."

असं भरलं, बाबा. तिथेच, डब्यांच्या मधे बसून. एकेक जण समोर येऊन बसलं. मी कागदावरचा क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचला, मग मोबाईलमधला वाचला. ज्यांना आकडे येत होते ते बोट ठेवून बघत होते, ज्यांना येत नव्हते ते माझ्या तोंडाकडे बघत होते. साठवलेला एकही क्रमांक वापरला नाही. पावत्या उद्या ऑफिसच्या मशिनवर छापून आणीन आणि डब्यांत झाकणाखाली ठेवीन. मावशी म्हणाली, "आणि शिक्को?" मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी स्कूटर काढते आणि पेडण्याच्या त्या बाईकडून मारून आणते. ती मारणार नाही, मला माहीत आहे. तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी तरी करून येईन.

शेवटी पिशवीत एक बिल राहिलं. गिरणीचं. अजून तुझ्याच नावावर. ते मी तीन दिवस उलटं ठेवलं होतं. आई समोर येऊन बसली. मी क्रमांक वाचला. परत वाचला. वयल्या विश्रामाच्या बिलाशेजारी धरून तिसऱ्यांदा वाचला. आपलाच होता. पडद्यावर तुझं नाव आलं आणि खाली रक्कम.

माझ्या तोंडून निघून गेलं, "इतक्या कमी?"

आईने पदराने फ्रेमची काच पुसली, मग म्हणाली, "तेरा दिवस गिरण बंद हुती मां गो."